ज्ञानोबाचा बेडका

तेर गावच्या पारावर संध्याकाळी जी चिलीम फिरायची, तिच्यावर गावाचा डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा होता. निजाम गेला, मग हैद्राबाद राज्यही मोडून जिल्हा मुंबई राज्यात आला, पण चिलीम त्याच माणसांतून त्याच क्रमानं फिरत राहिली. ती ज्याच्यापुढं थांबणार नाही, त्याला क्षय झाला असं समजायचं. अपिलाची सोय नव्हती.

त्या हिवाळ्यात ती ज्ञानोबापुढं थांबली नाही.

त्याला हुडहुडी भरून ताप आला होता, आणि श्वास घेतला की कुशीत सुरी खुपसल्यागत व्हायचं. तरी घोंगडी पांघरून तो पारावर आला, कारण आलं नाही तर लोक बोलतात. बसल्या जागी खोकला आणि बाजूला थुंकला. बेडका विटकरी रंगाचा पडला. मंडळींनी नीट पाहून घेतलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शेजारच्या लिंबाजीनं चिलीम त्याच्या नाकासमोरून धोंडीबाकडं दिली.

याच धोंडीबाच्या मुलाला ज्ञानोबाची कमल द्यायची होती. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती.

"बरं वाटू द्या तुमाला," धोंडीबा म्हणाला. "सुपारीची घाई काय हाय?"

आदल्या आठवड्यापर्यंत घाई त्यालाच होती.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईनं नवऱ्याला मोटारीत घालून उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बेडका आणायला बाटली दिली. इतक्या मोठ्या माणसाच्या हातात घाण कशी द्यायची, म्हणून ज्ञानोबानं राखुंडीनं दात घासले, खळखळून चुळा भरल्या आणि बाटलीत स्वच्छ, पांढरी थुंकी दिली.

"हे तोंडातलं पाणी आहे," डॉक्टर म्हणाले. "मला छातीतली घाण पाहिजे."

"आदी सांगायचं की, सायेब. ती लई हाय."

ती सूक्ष्मदर्शकाखाली गेली. क्षयाचे जंतू काड्यांसारखे असतात, ते सापडले नाहीत. जोडीजोडीनं राहणारे दुसरेच निघाले.

"न्युमोनिया," डॉक्टर म्हणाले. "पेनिसिलीननं जाईल."

"जोडीनं ऱ्हात्यात म्हंजी घरंदाज दिसत्यात," धुरपदाबाई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

सुया टोचून झाल्या, ताप उतरला. निघताना ज्ञानोबानं विचारलं, "मग क्षय कसा असतो, सायेब?"

"तुमचा आजार धाडकन आला. क्षय मुक्कामाला येतो. महिनोन्महिने खोकला, सांजेला कणकण, अंग वाळत जातं. आता त्यालाही औषध आहे, पण माणूस वेळेवर येत नाही. तोवर घरातल्यांना देऊन बसतो. आणि चिलीम सोडा. कुणाची उष्टी तर मुळीच नको."

परतीच्या मोटारीत ज्ञानोबा बोटांवर महिने मोजत होता. धोंडीबा आखाडापासून खोकत होता. बाराबंदी त्याच्या अंगावर आता वाळत घातल्यासारखी दिसायची. पण खोकला मोठ्या घरचा, त्यामुळं त्याला आजार कुणी म्हणत नव्हतं. धोंडीबा गल्लीत शिरल्याचं लांबून कळायचं आणि चहा वेळेवर ठेवता यायचा, एवढाच त्याचा बोलबाला. अन् कमल त्याच घरात जाणार होती.

संध्याकाळी ज्ञानोबा पारावर गेला. दवाखान्यातली बातमी त्याच्या आधी पोचली होती. धोंडीबानं स्वतः झुरका मारला आणि चिलीम स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं धरली.

"घ्या, इवाई. परवा सुपारी फोडून टाकू."

जे हवं होतं ते सगळं त्या हातात होतं. ज्ञानोबानं हात पुढं केला नाही.

"डॉक्टरनं मना केलंय."

"एका झुरक्यानं काय हुतंय?" म्हणता म्हणता धोंडीबाला उबळ आली. ती बराच वेळ चालली. मंडळी अदबीनं थांबली.

"इवाई," ज्ञानोबा म्हणाला, "सकाळच्या मोटारीनं उस्मानाबादला चला. बेडका दावून यिऊ."

"कुणाचा?"

"तुमचा."

लिंबाजीनं चिलमीसाठी सवयीनं हात लांब केला होता, तो त्यानं मुंडासं सारखं करायला वापरला.

"पोरगी द्यायची न्हाय, असं सरळ सांगा की," धोंडीबा म्हणाला.

"द्यायचीय. तुमच्याच घरात द्यायचीय, म्हणून तर म्हणतो. आवशीद हाय त्याला. तुमच्या पोराला बी दावू."

धोंडीबानं चिलमीकडं पाहिलं. ओढली नाही, पुढंही दिली नाही. विस्तव विझत आला, तेव्हा त्यानं ती दगडावर उपडी केली.

"मोटार किती वाजता असती?" त्यानं विचारलं.