दार वाजलं तर

व्हर्नाबाईंनी दोन नळ्यांची बंदूक मधोमध उघडली, दोन्ही नळ्यांत बोट घालून चाचपलं आणि तोंड भिंतीकडे करून ती टेबलावर ठेवली.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "ब्रॉडी, तू बघ."

"बाई, आत्ता तर तुम्ही बघितलीत."

"मी बघितली. तू कुठं बघितलीस?"

पोरं हसली. ब्रॉडी कुरकुरत उठला आणि बोट घालून आला.

आगीच्या बंबाच्या शेडला लागून असलेल्या हॉलमध्ये बंदूक जपून वापरायला शिकवणारं हे शिबिर दर वर्षी भरायचं. सोमवारपासून हरणांची शिकार सुरू, त्या दिवशी शाळेलाही सुट्टी. पण शिबिर केल्याशिवाय परवाना नाही, म्हणून चौदा-पंधरा वर्षांची पोरं शनिवारी मुकाट्यानं बाईंसमोर येऊन बसायची. बाकीचं सगळं ती घरीच शिकलेली असत. कायदा तेवढा बाई शिकवायच्या.

"कोणी जबरदस्तीनं घरात घुसलं आणि जिवावर बेतलं, तर कायदा गोळी झाडू देतो. झाडाच, असं म्हणत नाही. आणि तुमची भीती शहाण्या माणसाला वाटावी अशी होती का, हे नंतर कोर्टात ज्यूरीतली बारा परकी माणसं ठरवतात. गेलेला मात्र गेलेलाच असतो."

मग नेहमीसारखा शेवटचा प्रश्न आला.

"संध्याकाळ आहे. बाहेर बर्फ. तुम्ही घरात एकटे. कोणीतरी दार बडवतंय, दाराची मूठ फिरवून बघतंय. गोळी कोण झाडेल? हात वर करा. खरं सांगायचं."

हे दार कुठलं ते बाई कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा टॉबी एकोणीस वर्षांचा होता. बर्फावरून गाडी घसरून खड्ड्यात गेली, म्हणून त्यानं दिसेल त्या पहिल्या घराचं दार ठोठावलं, मूठ फिरवून बघितली. आतल्या म्हाताऱ्यानं बंद दारातूनच गोळी घातली. म्हाताऱ्याची भीती खरी होती, असं कोर्टात ठरलं आणि तो सुटला. तेव्हापासून बाई शिकवत होत्या. दर वर्षी दोन-तीन हात वर व्हायचेच. ज्या वर्षी एकही हात वर होणार नाही, त्या वर्षी आपण टॉबीसाठी काहीतरी केलं म्हणायचं, एवढीच त्यांची आस होती.

आज एकही हात वर झाला नाही.

बाईंनी सगळ्या रांगांवरून पुन्हा नजर फिरवली. "शाब्बास," त्या म्हणाल्या. त्यांनी बंदूक पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि त्या उगाचच कॉफीचं भांडं घासत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. किती वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं.

पोरं उरलेले डोनट घेऊन पांगली. टेसा तेवढी मागं राहिली, लोकरीची टोपी पिळत.

"बाई, मी खोटं वागले. त्या दाराच्या प्रश्नाला."

"म्हणजे?"

"मी झाडली असती." ती खाली बघत होती. "गेल्या वर्षी तुम्ही शिबिरानंतर चर्चमध्ये रडलात ना, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या आयांनी ठरवलं. बाईंनी बर्फाचं विचारलं की हात वर करायचा नाही. टॉबीचं आहे ते. सगळ्यांनाच घरी सांगितलंय, ब्रॉडीलापण. तुम्हाला बरं वाटावं म्हणून, बाई."

बाई खुर्चीत बसल्या. रागवायचं तरी कोणावर? टॉबी गेल्यावर याच आया महिनोन्‌महिने जेवण आणून देत होत्या. जीव लावणारी माणसं ती, आणि आता त्यांनीच बाईंचा प्रश्न वाया घालवला होता.

"मग तू का सांगितलंस?"

"बाबा रात्रपाळीला जातात. घरी मी आणि धाकटा भाऊ रोरीच. बंदूक कपाटावर असते." टेसा म्हणाली. "कोणी दार हलवलं तर मला दुसरं काही सुचणारच नाही."

बाई उठल्या.

"आतून कडी लाव," त्या म्हणाल्या. "मी वाजवते."

कोट न घालताच त्या बाहेर आल्या. मागं कडी लागली. बर्फ भुरभुरत होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात बाई त्या दाराच्या आतच उभ्या राहिल्या होत्या, म्हाताऱ्याशी भांडत. या बाजूला कधी आल्याच नव्हत्या. इथं नुसती थंडी होती आणि समोर बंद दार.

त्यांनी दार वाजवलं. मग बडवलं. मग मूठ फिरवली, कारण टॉबीनंही फिरवली होती.

"कोण आहे?" टेसा खरंच घाबरली होती.

बाईंनी भलतंच कुठलंतरी नाव सांगायचं ठरवलं होतं.

"टॉबी," त्या म्हणाल्या. "गाडी खड्ड्यात गेलीय माझी. फोन बंद पडलाय. फार थंडी आहे."

आत पावलं दाराजवळ आली.

"दार नाही उघडणार मी," टेसा म्हणाली. "पण तू तिथंच थांब हं. मी तुझ्या आईला फोन लावते. नंबर सांग."

व्हर्नाबाईंनी दाराला कपाळ टेकलं आणि स्वतःचाच नंबर सांगायला सुरुवात केली.