बांधाचा एक टक्का

वर्तुळातल्या तुकड्यांची बेरीज नव्व्याण्णव येत होती.

माधवीने ती पुन्हा केली. ऊस बेचाळीस, डाळिंब चौदा, ज्वारी सतरा, मका अकरा, चारा आठ, इतर सात. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. नव्व्याण्णवच. अपूर्णांक सोडून देताना एक टक्का गळाला असेल, तर काही बिघडत नव्हते. पण छपाईची चूक असेल, तर चुकलेला आकडा कोणता? डाळिंबाचे चौदा खरे कशावरून?

"टाइम!" शेजारचा दिग्विजय ओरडला. दुपारी जेवणाआधी अभ्यासिकेतली मुले मोबाइलवर वेळ लावून आलेखांचा एक संच सोडवत. "डाळिंब मक्यापेक्षा किती हेक्टर जास्त? छत्तीस आलं न्हवं, ताई?"

माधवीने पाचव्या पर्यायावर खूण केली होती. माहिती अपुरी.

"अपुरी?" दिग्विजय तिच्या कागदात डोकावला. "अवो, चौदातनं अकरा गेलं, ऱ्हायलं तीन. बाराशे हेक्टरचं तीन टक्के, छत्तीस. समदं दिलंय की हितं!"

"बेरीज नव्व्याण्णव येतीय."

"पर बेरीज इचारलीय कुणी?" तो हसला. "ताई, तुमी पेपर द्यायला बसता का तपासायला?"

सगळे हसले. माधवीही हसली. कऱ्हाटीहून आलेल्या या पोराला टक्के काढायला तिनेच शिकवले होते. आता तो पाचही प्रश्न सोडवून मोकळा होत होता आणि ती दुसऱ्यावरच अडलेली असायची. गेली काही वर्षे बँकेच्या प्रत्येक परीक्षेत हेच होत आले होते. ती जेवढे सोडवी तेवढे बहुतेक बरोबर असे. सोडवलेलेच कमी पडत. वयात बसणारी आता एकच परीक्षा उरली होती.

खाली जिन्यापाशी आई आली होती. प्रयागबाई कळसहून एसटीने डोळे तपासायला आल्या होत्या, निदान म्हणताना तसे म्हणत होत्या. खरे काम वेगळे होते. एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा रिकामी होती. तिथले प्रमुख हिंदुराव माधवीच्या नात्यातले, तिचे मामा लागत. "रसायनशास्त्राची पोरगी हाय, येऊ दे," ते म्हणाले होते, "पर परीक्षा एक पाय आन् नोकरी एक पाय, असं अर्धवट नगं." माधवी प्रत्येक वेळी एकच उत्तर देई. बघू.

पायरीवर बसून दोघींनी डबा उघडला. माधवीच्या हातात अजून तो कागद होता.

"ही भाकरी कशाची काढलीस?" आईने विचारले.

"भाकरी न्हाय गं. एका गावातली पिकं हायती. कुठलं किती, ते दावलंय. बेरीज एकानं कमी भरतीय."

आईने ठेच्याचे बोट पदराला पुसून वर्तुळातल्या रेघांवरून फिरवले. "मग ह्यात बांध कुठं धरलाय?"

"आँ?"

"बांधावर कुणी पेरतंय व्हय? तेवढी जमीन कमी पडणारच की."

माधवीला ठसका लागला. त्या दिवशी ती पहिल्यांदाच मनापासून हसली. "आई, असं नसतंय. दिलंय त्यातनंच उत्तर काढायचं. भाईरचं काय आणायचं न्हाय."

"बांध भाईरचा कसा गं? दोन रानांच्या मदीच असतोय की."

हे उत्तर चुकीचे आहे, हे माधवीला पक्के ठाऊक होते. तरी तिने कागदाची घडी घालून तो डब्याच्या पिशवीत ठेवला.

स्टँडकडे चालताना तिला ती प्रयोगशाळा आठवली. हिंदुरावांनी तिला एकदा आत नेऊन दाखवली होती. काचेच्या नळीतला नमुना उजेडाला धरून ते म्हणाले होते, "आकडा जरा जरी हलला, तर टँकर बाजूला उभा करायचा. डायवर का ओरडंना. कारण गावल्याबिगर सोडायचा न्हाय."

तिला ते आवडले होते. घोळ तिथेच होता. ते खरोखर आवडले होते, की परीक्षेतून सुटण्याची वाट दिसली म्हणून आवडले, हे तिला अजून कळले नव्हते. तिने मनात तक्ता आखून पाहिला होता. एका बाजूला परीक्षा, दुसऱ्या बाजूला डेअरी. निम्मी घरे रिकामीच राहत. आणि घरे भरल्याशिवाय ठरवणार कसे? दिग्विजयने बेरीज न करता ठरवले असते. त्याचे बरोबरही आले असते. अभ्यासिकेत बेरीज कुणी विचारलीच नव्हती. हिंदुरावांनी मात्र, कुणी न विचारताच, आधी तेच सांगितले होते: आकडा जुळल्याशिवाय सोडायचे नाही.

कळसवरून जाणारी इंदापूरची गाडी लागली होती. आईला खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन तिने काच सरकवली.

"माधवे, हिंदुरावाला काय सांगू? सांच्याला इचारायला येतोय त्यो. आन् बघू म्हनू नगंस बाय. त्या 'बघू'ला आता तुझा बापबी हसाय लागलाय."

वाहकाने घंटी दिली. इंजिन घरघरले. एक टक्का कुठे गेला, ते माधवीला अजूनही कळले नव्हते. आज कळेल असे दिसतही नव्हते.

ती काहीतरी बोलली. आईने कानामागे हात धरला. "काय म्हनलीस?"

तेव्हा तिने खिडकीची कड धरली आणि गाडीबरोबर दोन पावले चालत, फलाटावरच्या माणसांनी वळून पाहावे इतक्या मोठ्याने सांगितले, "परीक्षा देत न्हाय आता! सोमवारपास्नं येते म्हणावं!"