पाठमोरी

नुरझात पाहुणी आलेल्या शेजारच्या कुलिपाच्या हातांवर कोमट पाणी ओतत होती, तेवढ्यात कुलिपाने तिचं मनगट धरलं.

"काल तुला स्वप्नात पाहिलं गं, सूनबाई. इथेच, चुलीपुढे पाठमोरी उभी होतीस. हातावर ससाणा."

झारीतलं पाणी सांडलं. गेल्या आठवड्यात दुकानवालीने हेच पाहिलं होतं, आणि त्याआधी वरच्या वस्तीतल्या म्हातारीने. त्या दोघी एकमेकींशी बोलतही नसत. ससाणा म्हणजे मुलगा, हे नारीन नदीच्या खोऱ्यात लहान पोरीही सांगतील.

"माझा चेहरा दिसला?"

"नाही. पण तो पक्षी मान वळवून माझ्याकडेच बघत होता. दचकून उठले मी!"

लग्न झाल्यापासून नुरझातची पाळी कधी वेळेवर आली नव्हती. कधी महिनोन्‌महिने काहीच नाही, कधी एकाच महिन्यात दोनदा. लांबली की ती आणि तिचा नवरा तालाय, दोघंही मनातल्या मनात आशा धरून बसत. शहरातली डॉक्टरीण गोळ्या बदलून देई आणि धीर धरायला सांगे. यंदा बर्फ वितळल्यापासून पाळी नव्हती. तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ काही उमटली नाही, तरी गावाचा विश्वास स्वप्नांवर. बायका वाटेत थांबून तिच्या पोटाकडे बघून हसत. जेवायला बसलं की नुरझातला वाटे, घरात कुणीतरी एक जास्त आहे. ती हळूच माणसं मोजून बघे.

गवत कापायच्या दिवसांत एका सकाळी, गाय पिळताना, ओटीपोटात ओळखीची कळ आली. तिने गोठ्यामागे जाऊन पाहिलं. रक्त.

परत येऊन बराच वेळ ती गाईच्या पोटाला कपाळ टेकून उभी राहिली. मग सासूला सांगायला घरात गेली.

तुर्सुनाय चुलीपुढे पाठमोरी उभी होती. कढईत चरबी तडतडली, तसा तिने डोक्याचा रुमाल नाकाशी दाबला आणि भिंतीचा आधार घेतला.

"आई," दारातच थबकत नुरझात म्हणाली, "मला पाळी आली."

सासू वळली नाही.

"येणारच गं. ते तुझ्याकडे नाहीच."

नुरझात एक पाऊल आत आली.

"माझीही वर्षभर अशीच चाललीय," तुर्सुनाय म्हणाली. "कधी येते, कधी नाही. म्हटलं, वय झालं, संपलं आता. परवापासून पाय मारतंय." तिने कढई चुलीवरून उतरवली. "घरात सून असताना मी पोटुशी! तुझ्या सासऱ्यालासुद्धा बोलले नाही अजून. आपल्यात मूल देतात एकमेकांना. तुला देईन मी. पण लोकांना कळलं तर..."

बाहेर फाटक वाजलं.

"सूनबाई कशी आहे गं?" कुलिपा ओरडली. "साय आणलीय तिच्यासाठी!"

तुर्सुनाय आता वळली होती. तिने दोन्ही हात पोटावर धरले होते.

नुरझातने एप्रनची गाठ सैल केली. एक हात कमरेवर ठेवला आणि ती अंगणात गेली, सावकाश, पाय जपून टाकत.