तोंडावर बोट
माझा वर्ग शाळेत सगळ्यात शिस्तीचा. हे मी नाही, मुख्याध्यापक सांगतात, तेही इतर बायांना टोमणा मारायला. त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि माझं डोकं फिरलं. "मी परत येईपर्यंत तोंडावर बोट. घंटा झाली तरी कुणी जागचं हलायचं नाही," असं बजावून मी हजेरीपट आणायला खाली ऑफिसात गेले.

तेवढ्यात वरच्या प्रयोगशाळेत आग लागली. धोक्याची घंटा घणघणली, जिने पोरांनी भरले आणि त्या लोंढ्यात मीही मैदानात ढकलली गेले. सगळ्या वर्गांच्या रांगा लागल्या.

"बाई, तुमची पोरं कुठायत?" शिपाईमामांनी विचारलं.

मी वर पाहिलं. प्रयोगशाळेच्या शेजारच्या खिडकीत, धुरामागे, माझी पोरं ओळीनं बसली होती. मी जिवाच्या आकांतानं हाका मारल्या, पण घंटेपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. खिडकीजवळच्या मुलीनं मला पाहिलं आणि तोंडावरचं बोट न काढता ती आणखी ताठ बसली.