गाण्यांच्या मधलं बोलणं

भोंगा गेला त्याला चार दिवस झाले होते आणि स्टुडिओच्या दारात फुलांचा ढीग गुडघ्याला लागत होता. पोरंपोरी फुटपाथवर बसून त्याची गाणी म्हणत होती, तीही बेसूर. त्यांना गप्प करायला मी दोनदा उठलो आणि दोनदा दारातूनच परत आलो. रडताना कोणी सूर सांभाळत नाही हे मला कळतं. पण भोंग्याचं गाणं कोणी बिघडवलं की माझं डोकं फिरतं, बावीस वर्षांची सवय आहे.

भोंगा हे नाव मीच ठेवलेलं. पहिल्याच दिवशी काचेपलीकडच्या खोलीत तो असा काही ओरडला, की माझ्या यंत्राचे सगळे काटे टोकाला जाऊन आदळले. मी चिडून नाव ठेवलं, त्याने हसून घेतलं. पुढे लोक त्याच्यासाठी वेडे झाले, गिटार खांद्याला अडकवून तो स्टेजवर आला की हजारो माणसं उभी राहायची, पण रेकॉर्डिंग माझ्याकडेच. त्याची अट एकच होती. गाणं सोडून तो जे काही बोलेल ते त्याच दिवशी पुसायचं. सुरुवातीला दुसऱ्या कुठल्याशा स्टुडिओतून त्याच्या शिव्या बाहेर फुटल्या होत्या आणि त्याने धसका घेतला होता. मी दिलेला शब्द पाळला. रोज काम आटपलं की त्याचं खोकणं, चहा मागणं, विनोद, कुरकुर, सगळं शोधून साफ करायचो. त्या साफसफाईचा मला अभिमान होता.

त्या दुपारी एक म्हातारी बाई पोरांच्या गर्दीतून वाट काढत आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी त्याची आई," ती म्हणाली. "त्याचं सगळं तुमच्याकडे असतं म्हणे."

"हो काकू. सगळी गाणी देतो."

"गाणी नकोत. खरं सांगू? त्याचं गाणं मला कधी कळलंच नाही. याला कोणी मारतंय की काय असं वाटायचं." ती हसली आणि हसताहसताच तिने डोळे पुसले. "मला तो बोलतो तसा हवाय. घरचा फोन जुना, त्यात काही राहत नाही. टीव्हीवर बोलायचा तो माझा नव्हे, तो त्यांचा. तुमच्याकडे असेल ना, मधे मधे बोललेलं?"

पुसलं म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. "परवा या. शोधून ठेवतो."

मी खरंच शोधलं. जुन्या पेट्या उपसल्या, प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट ऐकला. काही म्हणजे काही नव्हतं. माझं काम चोख होतं आणि त्या चोखपणाबद्दल स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं मला वाटत होतं.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी नको तो शहाणपणा केला. त्याच्या एका संथ गाण्यातून 'आ' काढला, दुसऱ्यातून 'ई', तिसऱ्यातून 'आलो'. कापलं, जोडलं, आवाज खाली आणला, सूर काढून टाकला. संध्याकाळपर्यंत भोंगा माझ्या खोलीत म्हणत होता, "आई, आलो." मीच बनवलेलं, तरी ऐकून ढसाढसा रडलो. हे तिच्यासाठी आहे असं मी स्वतःला बजावत होतो. खरं तर मला तिच्यासमोर कबुली द्यायची नव्हती.

ती ठरल्या वेळेला आली. हेडफोन मी माझ्या हाताने तिच्या कानांवर बसवले आणि ऐकवलं. तिने डोळे मिटले.

"परत लावा," ती म्हणाली.

मी तीनदा लावलं. मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"आवाज त्याचाच आहे. बनवायला खूप कष्ट पडले असतील तुम्हाला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पण तो मला आई म्हणत नसे. घरात त्याचे काका होते, आत्या होत्या, सगळे मला वहिनी म्हणायचे. ते ऐकून तोही वहिनीच म्हणायला लागला. पन्नाशी आली तरी वहिनीच."

ते मी ऐकलं होतं. माइक चालू असायचा आणि तो खोलीतूनच फोनवर बोलायचा, "हो वहिनी, जेवलो. हो गं, खरंच." मला वाटायचं, असेल कोणी थोरला भाऊ, त्याची बायको. दर वेळी ऐकायचो आणि संध्याकाळी पुसायचो.

मी सगळं सांगून टाकलं. त्याची अट, माझा शब्द, आणि तिच्याशी तो जे जे बोलला ते माझ्याच हातांनी पुसलं गेल्याचं. ती हेडफोनची वायर बोटांत फिरवत राहिली. ती आता उठून जाईल असं मला वाटलं.

"पण तू ऐकलंयस," ती म्हणाली. "रोज ऐकलंयस. कसा म्हणायचा?"

"काकू, मला नाही जमणार."

"म्हण ना."

माझा आवाज घोगरा, त्याच्या आवाजाच्या जवळपासही जात नाही. तरी म्हटलं. "हो वहिनी, जेवलो. हो गं, खरंच."

तिने डोळे मिटले होते.

"एवढं सावकाश नाही," ती म्हणाली. "त्याला नेहमी घाई असायची."

मी पुन्हा म्हटलं, घाईघाईने.

"हं," ती म्हणाली. "फोन ठेवतानाचं म्हण."