दिक

माझी उर्दू चांगली होती आणि तिचा मला माज होता. मदरशातून, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेतून, वरच्या नंबराने पास झालो म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर तरी झालो, नाहीतर भुजंग नावाच्या या गड्याला कुत्र्यानेही विचारलं नसतं. डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांना मराठीचा गंध नव्हता, रोग्यांना उर्दूचा. मधली सगळी बोलणी माझ्या तोंडातून जायची.

फसली तेराशे चोपन्नच्या, म्हणजे इंग्रजी पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेबांनी नवाच नियम घातला. ज्याच्या लघवीत साखर निघेल, त्याची छाती ऐकायची आणि थुंकीही तपासायची, खोकला असो नाहीतर नसो. साखर माणसाला आतून पोकळ करते आणि पोकळ घरात क्षय बिऱ्हाड करतो, असं ते म्हणत. उपाय? उपाय कुठला आलाय. क्षयाला दूध, तूप, अंडी हवीत. साखरेला उपास हवा. साखरेवरच्या सुया हैदराबादेत मिळायच्या, त्याही नवाबांना. मग तपासायचं तरी कशाला, असं मी एकदा विचारलं. रोगी जाईल, पण घरचे तरी राहतील, असं ते म्हणाले.

बोरी गावाच्या पलीकडच्या वाडीवरचा येडबा धनगर या नियमात सापडला. तो लघवीला बसला की मागे मुंग्या लागतात, हे त्याच्या बायकोने, कोंडाबाईने पाहिलं होतं. लघवीत निळं औषध घालून नळी दिव्यावर धरली तर विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर होतीच. मग त्याची थुंकी डबीत घेऊन परभणीला पाठवली. कोंडाबाईच्या कडेवर दीड वर्षाची नात होती, भिवरा. लेक बाळंतपणात गेली, ही मागे राहिली. म्हातारा-म्हातारीला जगात तेवढंच होतं.

आठवड्याने परभणीचं उत्तर आलं. त्या दिवशी कोंडाबाई एकटीच आली होती. साहेबांनी मला बजावलं, बाईला नीट समजावून सांग. पोरीला म्हाताऱ्याजवळ जाऊ द्यायचं नाही, त्याचं ताट-तांब्या वेगळा, थुंकी राखेत घेऊन जाळायची. बाहेर पंधरा रोगी ताटकळत होते. मी खिडकीतूनच सांगितलं, ‘‘येडबाला दिक हाय.’’

साहेबांच्या उर्दूत दिक म्हणजे क्षय. आमच्या बायाबापड्यांत दिक म्हणजे वैतागलेला, जिवाला कंटाळलेला. पोरं आईला दिक करतात, नवरा बायकोला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, माझी आई रोज म्हणायची. पण ‘खय’ हा शब्द जिभेवर घ्यायला आमच्याकडे माणूस भितो, आणि उर्दूत वाईट बातमीसुद्धा अदबीची वाटते. शिवाय ऐट. तीही होतीच.

कोंडाबाईने मान हलवली. लय दिक झालाय म्हणाली, भाकर मोजून, गूळ बंद, मेंढरं दुसऱ्याने हाकायची, मग माणूस दिक होईल नाहीतर काय. मला वाटलं, बाई मोठी धीराची, ऐकून डगमगलीसुद्धा नाही. ताट वेगळं, पोर लांब, थुंकी राखेत, सगळं मी एका दमात सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली. ती ‘बरं’ म्हणाली. सरकारी माणसाला सगळे ‘बरं’च म्हणतात.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. येडबा अजून होता, पण अंथरुणातून उठत नव्हता. या खेपेला ती भिवराला दाखवायला आली होती. पोरीच्या मांड्यांची कातडी लोंबत होती, संध्याकाळी अंग तापत होतं, आणि ती खोकत होती. साहेबांनी तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी बाहेर आलो आणि कोंडाबाईवरच भडकलो. पोरीला लांब ठेव म्हणून सांगितलं होतं, मग ऐकलं का नाही?

‘‘तुमीच म्हनलाव न्हवं दादा, म्हातारा दिक हाय म्हून,’’ ती म्हणाली. ‘‘दिक झालेल्या माणसाला एकटं ठिवतंय का कुनी? त्येचा जीव रमावा म्हून पोरीला त्येच्याच घोंगडीत निजवायले मी. एकाच ताटात जेवायलेत दोघं.’’

 चूक तिची नव्हती, माझी होती, आणि ती आता कुणालाच निस्तरता येणार नव्हती. तेव्हा कुठे मी तो शब्द उच्चारला. खय. तिने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

‘‘मंग आता कुनाचं ताट कुनापसून येगळं ठिवू?’’ ती म्हणाली.

आतून साहेबांनी आवाज दिला, ‘‘बाई क्या पूछ रही है?’’

‘‘कुछ नहीं, साहब,’’ मी म्हणालो.