अलीचं कार्ड

सरमदचं सकाळीच दिग्दर्शकाशी वाजलं होतं. लाचखाऊ पोलिसांवरचा सिनेमा, आणि त्यात त्याला एकच मोठा प्रसंग. जुन्या गाड्या विकणाऱ्या पाकिस्तानी अलीच्या खिशात पोलीस पिस्तूल सरकवतात आणि तो गयावया करतो, तेही मोडक्यातोडक्या जपानीत.

"कुवाबारासान, माझा जन्म इथलाच, जपानातल्या तोयामाचा. मी घाबरलो की तोयामाचीच बोली येते तोंडात."

"प्रेक्षकांना तो परका वाटायला हवा हो. बघू, विचार करतो," कुवाबारा म्हणाले. विचार करतो म्हणजे नाही, हे सरमदला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

दुपारच्या डब्यात डुकराचं मांस निघालं. पाच जणांनी वाकून माफी मागितली, दुसरा डबा कोणी आणला नाही. शेवटी एकाकडून उसने पैसे घेऊन तो अलीच्याच कपड्यांत कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी, भाताचे गोळे, आणायला निघाला.

"जरा थांबता का? कार्ड दाखवा." समोर पोलीस होता, कोवळा, पण खराखुरा.

परक्या नागरिकाने राहण्याच्या परवान्याचं कार्ड सतत जवळ बाळगायचं, हा कायदा; आणि इथे जन्मूनही सरमद कागदोपत्री पाकिस्तानीच होता. सोळाव्या वर्षापासून त्याचा हात अशा वेळी आपोआप खिशात जायचा. तसाच गेला. कार्ड पोलिसाच्या हातात पडलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. कपडे अलीचे, तसं कार्डही अलीचं. सिनेमासाठी बनवलेलं, अगदी बेमालूम. त्याचं स्वतःचं कार्ड पाकीट-फोनसकट सेटवर, सगळ्यांच्या किमती वस्तूंच्या पिशवीत, हिनाको नावाच्या सहायिकेकडे जमा होतं.

पोलिसाने कार्ड उन्हात तिरकं धरलं. "हे खोटं आहे."

खोटं कार्ड म्हणजे तुरुंग, आणि मग विमानात बसवून पाठवणी. ज्या देशात तो उभ्या जन्मात दोनदा गेला होता, तिथे.

"साहेब, हे सिनेमातलं आहे. मी नट आहे. त्या गोदामात शूटिंग चाललंय, हवं तर विचारा."

"भाषा फार साफ आहे तुमची," पोलिसाचे डोळे बारीक झाले. "किती वर्षं चाललाय हा धंदा?" त्याने सरमदचं मनगट धरलं आणि गाडीतल्या वरिष्ठाला हाक मारली. संपलं सगळं, असं सरमदला वाटलं.

पिकल्या केसांचा वरिष्ठ जवळ आला आणि सरमदच्या तोंडून अली बाहेर पडला. "माफ कर, पोलीस साहेब. मी वाईट नाही. मी काम, तिथे काम. तू ये, बघ."

"आत्ता तर नीट बोलत होता हा," धाकटा म्हणाला.

"चार वाक्यं पाठ करतात रे हे." वरिष्ठ हसला. "सोड हात. घाबरू नकोस, बाळा. चल, दाखव कुठे ते."

गोदामाच्या दारात हिनाकोने खरं कार्ड दाखवलं आणि साहेबांना त्रास झाला म्हणून सात-आठ वेळा वाकली. सरमदपुढे कोणी वाकलं नाही.

कुवाबारा हातात नवा कागद घेऊन आले. "तुमचं पटलं मला. संवाद बदललेत. अली आता आपल्यासारखाच बोलेल."

सरमदने कागद वाचला. छान होता, अगदी त्याला हवा होता तसा.

"नको," तो म्हणाला. "आधीचेच ठेवा."

मग खरं कार्ड पिशवीत परत न देता मोज्यात खोचून तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.